शब्द न शिकविता परीक्षा कसली?

मराठी माध्यमातून आलेला विद्यार्थी महाविद्यालयाच्या इंग्रजी वर्गात मुका बसतो आणि ‘बुद्धी बेताची’ असा शेरा मारून प्राध्यापक मोकळे होतात. हा शेरा आम्हांस मान्य नाही. पुष्कळदा कविता त्याला उमगलेली असते. उमगत नाही तो प्रश्न. ‘अर्ग्युमेंट’ म्हणजे भांडण एवढेच तो जाणतो. निबंधात त्याचा अर्थ प्रतिपादन होतो, हे त्याला कोणी सांगितलेलेच नसते. ‘कॅरेक्टर’ म्हणजे चारित्र्य, पण नाटकात पात्र. आणि ‘मेटाफर’? तो तर मराठीच्या तासाला शिकलेला रूपक अलंकारच! ओळखीचा माणूस परक्या वेषात पाहून पोर बावरते, इतकेच.

न्यूझीलंडमधील अ‍ॅव्हरिल कॉक्सहेड यांनी कला, वाणिज्य, कायदा व विज्ञान या शाखांतील सुमारे ३५ लाख शब्दांचे लेखन तपासून २००० साली ५७० शब्दकुलांची यादी प्रसिद्ध केली. ‘अ‍ॅनलाइझ’, ‘इंटरप्रिट’, ‘जस्टिफाय’ हे शब्द तीत आहेत. आठवड्यास दहा घेतले तरी दोन शैक्षणिक वर्षांत यादी पुरी होते. मात्र ती घोकवून घेऊ नये. घोकंपट्टीने आमची पोरे आधीच पुरेशी नाडली गेली आहेत. शब्द वाक्यात भेटावा, तोंडी यावा, विद्यार्थ्याच्या स्वतःच्या लेखनात उतरावा.

ज्या घरी इंग्रजी ग्रंथांची कपाटे आहेत, तेथील मुलास हे शब्द जेवताजेवता मिळतात. आमच्या मुलास वर्गाखेरीज दुसरे घर नाही. तेव्हा सत्राच्या पहिल्याच आठवड्यात प्रश्नपत्रिकेतील क्रियापदे फळ्यावर लिहून प्रत्येकाचे एक उत्तर मुलांकडून लिहवून घ्यावे, एवढी आमची मागणी आहे.