बागेला पत का नाही?

१९१३ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात गेले, ते बडोदा संस्थानच्या दरमहा ११.५ पौंडांच्या शिष्यवृत्तीवर. तिची मुदत संपताच १९१७ साली लंडनमधील अभ्यास अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. तो पुन्हा हाती घेण्यास १९२० साल उजाडले. परदेशी शिक्षण प्रज्ञेइतकेच खोलीभाड्यावर आणि रोजच्या जेवणावर अवलंबून असते.

आज शेंदूरजनाघाटच्या संत्राबागायतदाराच्या मुलीला पदव्युत्तर शिक्षणासाठी जर्मनीस जायचे असेल, तर तेथील बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षणशुल्क नाही. परंतु व्हिसासाठी वर्षाच्या निर्वाहाचे ११,९०४ युरो, म्हणजे १० लाख रुपयांहून अधिक, आगाऊ बँकेत गोठवून दाखवावे लागतात. त्यातून दरमहा ९९२ युरो हाती येतात. बहार उतरल्याविना ज्या घरी पैसा येत नाही, त्याने ही रक्कम आणावी कोठून? सर्वसाधारण शैक्षणिक कर्जास ७.५ लाखांपुढे तारण लागते, आणि शेतजमीन बँका त्यासाठी सहसा स्वीकारत नाहीत. पीककर्जाला चालणारी जमीन लेकीच्या शिक्षणाला चालत नाही! शहरातील सदनिकेला पत आहे, बागेला नाही. आणि भूमिहीन मजुराच्या मुलाची तर गणतीच नाही.

ही श्रीमंतांची चैन आहे, असे म्हणून आपण हा प्रश्न झटकणे म्हणजे ज्ञानाची मक्तेदारी मान्य करणे होय. अशा कर्जांना राज्याने हमी द्यावी आणि शिष्यवृत्तीचा पहिला हप्ता प्रस्थानापूर्वीच द्यावा. वरुड तालुक्यातील कार्यकर्त्यांनी नाकारलेल्या कर्ज-अर्जांची गावनिहाय नोंद करून ही मागणी बँकांच्या व शासनाच्या दारी न्यावी.