पाट्या अनेक, गल्ला एक

अबुधाबीच्या पैशातून 'डेली टेलिग्राफ' विकत घेण्याचा बेत ब्रिटनने 2024 मध्ये हाणून पाडला. रेडबर्ड आयएमआय या खरेदीदार कंपनीत तीन चतुर्थांश पैसा आयएमआयचा, आणि आयएमआयच्या मागे अमिरातीचे उपराष्ट्राध्यक्ष शेख मन्सूर बिन झायेद. परक्या सत्तेच्या हाती वृत्तपत्र जाऊ नये म्हणून ब्रिटनने कायदा केला; योग्यच केलं. पण 2025 च्या नोव्हेंबरात हेच 'टेलिग्राफ' 50 कोटी पौंडांना घेण्याचा करार केला तो डीएमजीटीने, म्हणजे 'डेली मेल', 'मेट्रो' आणि 'आय' ज्यांच्याकडे आधीच आहेत त्यांनी. मालक परका आहे का, यावर जेवढा गदारोळ झाला, तेवढाच एका मालकाकडे किती वृत्तपत्रं असावीत यावरही व्हायला हवा. माझ्या मते हा दुसरा प्रश्न अधिक मोठा आहे.

अमिरातीतल्या वाचकाला तो फोड करून सांगावा लागत नाही. 'द नॅशनल' वाचा किंवा 'स्काय न्यूज अरेबिया' लावा (त्यात ब्रिटनच्या स्कायची भागीदारी आहे, हे मान्य), मागे तीच आयएमआय. 'अल इत्तिहाद' अबुधाबी सरकारचं, 'अल बयान' दुबई सरकारच्या माध्यमसंस्थेचं. 'गल्फ न्यूज' आणि 'खलीज टाइम्स' ही वेगळी घराणी, पण परवाना सरकारच्याच हातात. स्टॉलवर गठ्ठे भरपूर दिसतात. मात्र मालकाच्याच एखाद्या कंपनीत मजुरांचे पगार थकले, तर ती बातमी कोण छापणार? दुसरा मालक असेल तरच ती बाहेर येण्याची शक्यता. मालकीची विविधता हवी ती एवढ्यासाठी. संपादक सज्जन असून भागत नाही.

यावर हमखास उत्तर येतं की जाहिराती आटल्यात, मोठा धनी नसेल तर वृत्तपत्रं बंदच पडतील. अडचण खरी आहे. पण दुबईच्या '7डेज'मागे याच डीएमजीटीचा पैसा होता आणि ते 2016 च्या डिसेंबरात बंद पडलं. मोठा धनी तोट्यातलं दुकान चालवतोच असं नाही. शिवाय पैसा घेणं आणि ताबा देणं यांत फरक करता येतो: परकीय सरकारी गुंतवणुकीला ब्रिटनने 15 टक्क्यांची मर्यादा घातली, तशी मर्यादा देशी उद्योगसमूहांनाही घालता येईल. मोबाइलवर हजार आवाज आहेत, हे दुसरं उत्तर. तिथे मतांचा सुकाळ आहे. कोर्टात दिवसभर बसून कागद तपासणारा वार्ताहर मात्र पगारावरच जगतो, आणि तो पगार याच मोजक्या तिजोऱ्यांतून निघतो.

आपल्याकडे भारतात ट्राय या दूरसंचार नियामकाने माध्यमांच्या मालकीवर मर्यादा सुचवल्या त्या 12 ऑगस्ट 2014 रोजी. त्याच वर्षी रिलायन्सने नेटवर्क18 ताब्यात घेतलं, 2022 च्या अखेरीस अदानींनी एनडीटीव्ही. त्या शिफारशींचा कायदा अजून झालेला नाही.