फंड आला म्हणजे दुकान वाचलं का?

आपल्या गावातल्या मॉलची साखळी कुठलातरी मोठा फंड घेणार, ही बातमी चार दिवसांपासून ग्रुपवर फिरतेय. खाली अभिनंदनाचे हार. खरं-खोटं अजून कंपनीने सांगितलेलं नाही. अशा बातम्या मीही छापल्यात, आलेलं पत्रक जसंच्या तसं. 'कोट्यवधींची गुंतवणूक' असं हेडिंग दिलं की काम संपलं. आज तेच जरा उलगडून सांगतो.

अमेरिकेत टॉइज आर अस ही खेळण्यांची केवढी मोठी साखळी होती. २००५ मध्ये केकेआर, बेन कॅपिटल आणि व्होर्नाडो या तिघांनी ती साधारण ६६० कोटी डॉलरला घेतली. पण स्वतःच्या खिशातून किती घातले? बरेच कमी. ५०० कोटींहून जास्त कर्ज काढलं आणि ते कंपनीच्याच डोक्यावर ठेवलं! आपल्या भाषेत सांगायचं तर शेत मी घ्यायचं, पैसे सोसायटीतून उचलायचे, बोजा त्याच शेताच्या सातबाऱ्यावर चढवायचा आणि हप्ते मात्र शेताने फेडायचे. वर देखरेखीची फी पण शेताकडूनच.

वर्षाला ४० कोटी डॉलरच्या आसपास नुसतं व्याज. मग दुकानं सुधारायला, ऑनलाइन उभं राहायला पैसा आणायचा कुठून? लोक ॲमेझॉनला दोष देतात. तो आहेच, पण विक्री शेवटपर्यंत वर्षाला हजार कोटी डॉलरच्या वर होती. गिऱ्हाईक होतं हो, व्याजच गिळत होतं. सप्टेंबर २०१७ मध्ये दिवाळखोरी, २०१८ मध्ये शटर खाली. तीस हजारांहून जास्त कामगार घरी, भरपाई शून्य. बायामाणसं रस्त्यावर उतरली, बोंबाबोंब झाली, तेव्हा केकेआर आणि बेनने २ कोटी डॉलर काढले. भागाकार करा, माणशी ७०० डॉलरसुद्धा पडत नाहीत. फंडांचेही पैसे बुडाले, हे खरं. पण त्यांच्या घरची चूल विझली नाही.

आता कोणी म्हणेल, विशाल मेगा मार्ट बघा की. बघितलं. कर्जात बुडालेला तो धंदा २०११ मध्ये टीपीजी आणि श्रीराम ग्रुपकडे गेला, पुढे २०१८ ला पार्टनर्स ग्रुप आणि केदाराकडे. आज जोरात चाललाय, मान्य. पण डिसेंबर २०२४ चा त्यांचा ८,००० कोटींचा आयपीओ पूर्ण 'ऑफर फॉर सेल' होता. म्हणजे त्यातला रुपयाही कंपनीत आला नाही, सगळा विकणाऱ्या मालकाकडे गेला. कायदेशीर आहे, तक्रार नाही. फक्त त्याला दुकानातली गुंतवणूक म्हणू नका.

तेव्हा हार घालण्याआधी विचारा: कर्ज कोणाच्या नावावर? जागा विकून परत भाड्याने घेणार का? जुन्या पोरापोरींची ग्रॅच्युइटी कोण देणार? आमच्या पेपरने हे विचारायला हवं, आणि मी लेखी विचारणार आहे.

तिथे कामाला असणाऱ्यांनी आजच मोबाईलवर पीएफचं पासबुक उघडून बघा. एखाद्या महिन्याचा भरणा दिसत नसेल तर मला मेसेज करा. नाव कुठेही येणार नाही.