सावकारी गेली, सावकार उरला!

हैदराबाद शहरात उस्मानिया विद्यापीठाच्या परिसराला लागून विद्यानगर नावाची वस्ती आहे. आंध्र महिला सभेचे, दुर्गाबाई देशमुखांच्या नावाचे रुग्णालय ह्याच वस्तीत आहे. सीमाभागातील वाचकाला देशमुख हे नाव नव्याने सांगावयास नको. मुंबई महाराष्ट्राला नाकारली जात आहे हे पाहून १९५६ साली ज्या चिंतामणरावांनी केंद्रीय अर्थमंत्रिपदावर पाणी सोडले, त्यांच्या दुर्गाबाई ह्या सहधर्मचारिणी. परंतु आज आम्ही विद्यानगराची आठवण काढीत आहोत ती त्या राजीनाम्यासाठी नव्हे. आडगावच्या गरीब बाईला स्वतःच्या पायांवर उभे करावयाचे म्हणजे नेमके काय करावयाचे, ह्या प्रश्नाची दोन अगदी भिन्न उत्तरे ह्या एकाच शहराने दिली आहेत. एक उत्तर विद्यानगराचे; दुसरे आठवड्याच्या हप्त्याचे. हे दुसरे उत्तर आता आमच्या उंबरठ्याशी येऊन ठेपले आहे, म्हणून हा लेखनप्रपंच.

उंबरठ्याशी म्हणजे अक्षरशः उंबरठ्याशी. २०२५ सालच्या जानेवारीत बेळगावसह कर्नाटकाच्या अनेक जिल्ह्यांतून सूक्ष्मकर्जाच्या वसुलीपायी गांजलेल्या कुटुंबांच्या तक्रारी बाहेर आल्या. हप्ता चुकला म्हणून दारात ठिय्या, चारचौघांत पाणउतारा, घराला कुलूप, असे ते प्रकार होते. फेब्रुवारीत राज्य सरकारला वटहुकूम काढावा लागला. जबरदस्तीने वसुली करणाऱ्यास दहा वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड, अशी कडक तरतूद त्यात होती. मात्र रिझर्व्ह बँकेकडे रीतसर नोंदलेल्या संस्थांना तो लागू नव्हता. म्हणजे नोंद नसलेल्या सावकारापुरता बंदोबस्त झाला. नोंद असलेल्याचे काय, हा प्रश्न जिथल्या तिथे राहिला.

ह्या कर्जाची रीत वाचकांपैकी पुष्कळांच्या घरात माहीत असेल. पाच-दहा बायकांचा गट करावयाचा, तारण काही घ्यावयाचे नाही, एकीचा हप्ता चुकला तर बाकीच्यांनी भरावयाचा. तारण नाही असे म्हणतात खरे. पण तारण असते. शेजारणीची भीड हेच ते तारण! ह्या रीतीत मुळातच पाप आहे असे आम्ही म्हणत नाही. बांगलादेशात महंमद युनूस यांनी १९७६ साली जोब्रा गावात ४२ माणसांना जुजबी रक्कम देऊन तिचा आरंभ केला आणि ३० वर्षांनी, २००६ साली, त्यांच्या ग्रामीण बँकेसह त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. ज्या बाईला बँकेच्या दारात कोणी उभे करीत नव्हते तिच्या शब्दावर पैसे देता येतात, हे त्यांनी जगाला दाखविले. हा त्यांचा उपकार मान्य करूनच पुढे बोलले पाहिजे.

परंतु हिशेब हिशेबाच्या जागी राहतो. समजा, एका बाईला १०,००० रुपये दिले आणि आठवड्याला २२५ रुपयांप्रमाणे ५० हप्ते बांधून दिले. ती एकंदर ११,२५० रुपये भरते. तिला सांगण्यात येते, व्याज साडेबारा टक्के. ऐकावयास किती माफक! पण पूर्ण १०,००० रुपये तिच्यापाशी राहतात ते पहिला आठवडाभरच. दर आठवड्याला मुद्दल घटत जाते आणि व्याज मात्र मूळ रकमेवरच आकारलेले असते. नीट आकडेमोड केली तर हा दर शेकडा चोवीस-पंचवीसच्या घरात जातो. सांगितलेल्याच्या जवळजवळ दुप्पट! आता ज्या धंद्यात ती हे पैसे घालणार, तो धंदा तिला शेकडा पंचवीसहून अधिक आणि तोही पहिल्याच आठवड्यापासून देईल काय? शेळी आठवड्यात वीत नाही, आणि म्हैस भाकड काळात हप्त्याची वाट पाहत नाही. मग पहिल्या संस्थेचा हप्ता भागविण्यासाठी दुसरीकडून उचल, दुसरीसाठी तिसरीकडून. येथून पुढची वाट खड्ड्यात जाते.

आंध्रात हेच घडले. आमच्या बिदर-भालकीच्या शेजारचा नारायणखेड हा तेव्हाच्या मेदक जिल्ह्यातील कोरडवाहू मुलूख. तेथे १९९७-९८ च्या सुमारास 'स्वयं कृषी संगम' ही सेवाभावी संस्था अशी कर्जे देऊ लागली. पुढे तिची नफ्यावर चालणारी कंपनी झाली, आणि २०१० च्या उन्हाळ्यानंतर त्या कंपनीचे भाग बाजारात विकले गेले तेव्हा सोळाशे कोटींहून अधिक रक्कम उभी राहिली. तेव्हाच्या आंध्र प्रदेशात अशा कंपन्या अनेक होत्या. सरकारी बचत गटांची कर्जे वेगळीच. एकाच बाईच्या नावावर तीन-तीन, चार-चार कर्जे चढली. २००६ साली कृष्णा जिल्ह्यात ह्याच कारणावरून कंपन्यांच्या सुमारे ५० शाखांना प्रशासनाने टाळे ठोकले होते. तो इशारा कोणी मनावर घेतला नाही. २०१० साली कर्जबाजारी कुटुंबांतील आत्महत्यांच्या बातम्या एकामागून एक येऊ लागल्या, तेव्हा १५ ऑक्टोबरला हैदराबादेहून वटहुकूम निघाला. संस्थांनी नोंदणी करावी, आठवड्याचा हप्ता बंद करून महिन्याचा करावा, वसुलीसाठी घरी जाऊ नये, असे त्यात फर्माविले होते.

पुढे काय झाले ते ध्यानात ठेवण्याजोगे आहे. छळ थांबला, पण त्याबरोबर वसुलीही जवळजवळ थांबली, आणि वसुलीबरोबर कर्जही थांबले. ज्या बाईला खरोखरच बी-बियाण्यासाठी पैसे हवे होते ती पुन्हा गावच्या सावकाराच्या ओट्यावर जाऊन बसली. रिझर्व्ह बँकेने मालेगम समिती नेमली, २०११ साली तिचा अहवाल आला, अशा कंपन्यांसाठी वेगळा वर्ग आणि व्याजाची मर्यादा ठरली. २०२२ साली नवे नियम आले आणि ती मर्यादाही उठली. पुढे २०२३ साली तेलंगणाच्या उच्च न्यायालयाने निकाल दिला की, रिझर्व्ह बँकेच्या नियंत्रणाखालील कंपन्यांना आंध्रचा तो कायदा लागू होत नाही. तात्पर्य हे की, कायदा हा कुंपण आहे, पीक नव्हे. केवळ कुंपण घालून कोणाचे पोट भरत नाही.

महाराष्ट्राला ह्यात नवे काही नाही. १८७५ साली सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या जाळल्या, त्यातून १८७९ चा दख्खनचा शेतकरी कायदा झाला, आणि तरीही सावकार उरलाच. १९५१-५२ साली ग्रामीण पतपुरवठ्याची देशव्यापी पाहणी झाली. गोरवाला समितीच्या १९५४ च्या अहवालाने दाखवून दिले की, शेतकऱ्याच्या कर्जापैकी शेकडा ७० च्या आसपास वाटा सावकाराचा आणि सहकारी संस्थांचा वाटा शेकडा ३ च्या घरात! त्या समितीत आपले धनंजयराव गाडगीळ होते, आणि अर्थखाते होते चिंतामणरावांकडे. समितीने सहकाराचे अपयश झाकले नाही. पण सहकार सोडून द्या असेही सांगितले नाही, तो यशस्वी करा असे बजावले. तिच्याच शिफारशीवरून १९५५ साली इंपीरियल बँकेची स्टेट बँक झाली. ही मंडळी आकड्यांत वाकबगार होती, पण कर्ज हा गरिबीवरचा उतारा आहे असे त्यांनी मानले नाही. कर्ज, माल साठविण्याची सोय आणि विक्रीची व्यवस्था ही तिन्ही एकत्र बांधा, हा त्यांचा आग्रह होता.

आणि दुर्गाबाईंचे उत्तर तर त्याहूनही साधे होते. १९३७ साली मद्रासेत त्यांनी आंध्र महिला सभा काढली ती बायकांना उचल देण्यासाठी नव्हे. अर्धवट राहिलेले शिक्षण पुरे करवून घ्यावयाचे, शुश्रूषेचे किंवा हातकामाचे शिक्षण द्यावयाचे आणि मग कामाला लावावयाचे, हा त्यांचा क्रम. १९५३ साली केंद्रीय समाजकल्याण मंडळाच्या त्या पहिल्या अध्यक्ष झाल्या. १९५८ साली त्या मंडळाने प्रौढ स्त्रियांसाठी संक्षिप्त शिक्षणवर्ग आणि गरजू स्त्रियांना काम देणारी छोटी उत्पादनकेंद्रे सुरू केली, तीही ह्याच क्रमाने. आधी अक्षर, मग कसब, मग काम, आणि कर्ज लागलेच तर शेवटी. हप्त्याच्या कंपनीने हा क्रम उलटा केला. कर्ज आधी, काम तुझे तू शोध!

हा क्रम पाळला तर काय होते ह्याचे दाखले आमच्याच घरात आहेत. मुंबईच्या गिरणगावात खाणावळी चालविणाऱ्या बायका वाण्याकडून उधारीने धान्य उचलीत आणि त्याच्या व्याजात बुडत. प्रेमा पुरव यांनी १९७५ साली त्यांना अन्नपूर्णा महिला मंडळात संघटित केले आणि राष्ट्रीयीकृत बँकेचे कर्ज मिळवून दिले. येथे धंदा आधीपासून होता, गिऱ्हाईक पंगतीला बसलेले होते. अडत होते ते केवळ भांडवलाचे. म्हणून ते कर्ज फळले. दुसरा दाखला माणदेशातला. साताऱ्याच्या दुष्काळी पट्ट्यात म्हसवडला चेतना सिन्हा यांनी बायकांची सहकारी बँक काढावयाचे ठरविले, तेव्हा प्रवर्तक बायका अंगठेबहाद्दर म्हणून परवाना नाकारण्यात आला. त्या बायका रडत बसल्या नाहीत. काही महिने अक्षरे गिरवून पुन्हा गेल्या आणि अधिकाऱ्यांना म्हणाल्या, व्याजाचा हिशेब सांगा, आम्ही तोंडी करून दाखवतो! १९९७ साली बँक उभी राहिली. सावकाराचे गणित जी बाई स्वतः करू शकते तिला सावकार फसवू शकत नाही.

हैदराबादेनेही अखेर हीच दिशा धरली. संकटानंतर २०११ साली सरकार आणि बचत गटांचे मंडल-संघ यांनी मिळून 'स्त्रीनिधी' ही सहकारी पतसंस्था काढली. कर्ज घेणाऱ्या बायकांच्याच संघटना तिच्या भागधारक. आमच्या मते साऱ्या प्रश्नाची किल्ली येथे आहे. कर्ज देणारा जाब कोणाला देतो? दूरच्या भागधारकाला, की कर्ज घेणाऱ्या बाईला? जाब पहिल्याला द्यावयाचा असेल तर नियम कितीही करा, महिनाअखेरीस वसुलीचा आकडाच बोलणार. जाब दुसरीला द्यावयाचा असेल तर धंदा बसल्याच्या महिन्यात हप्ता थांबविण्याची वाट निघते, कारण वाट काढणारी आणि अडलेली एकाच गावच्या असतात.

कोणी म्हणेल, उपदेश सोपा आहे. पण कणकुंबी-जांबोटीच्या रानवस्तीत बँकेचा साहेब जात नाही, कंपनीचा माणूस दुचाकीवरून चिखल तुडवीत जातो, त्याचे काय? हा आक्षेप आम्ही टाळणार नाही. तो खरा आहे, आणि त्याची लाज कंपनीला नव्हे, आम्हांला वाटली पाहिजे. आमच्या गावांत सहकारी बँका आहेत, पतपेढ्या आहेत, व्यापारी मंडळे आहेत. त्यांच्या वार्षिक अहवालांत लाभांशाचे आकडे ठळक छापलेले असतात. त्याच अहवालात रानवस्तीतील किती बायकांना कर्ज दिले हा आकडा शोधून पाहावा! आपण सोडलेल्या जागेत दुसरा येऊन बसला, तर बसणाऱ्याला शिव्या देऊन काय साधणार?

तेव्हा करावयाचे काय, ते आम्ही स्पष्ट सांगतो. पहिली गोष्ट कागदाची. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे कर्जाचे कागद कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत दिले पाहिजेत, खरा वार्षिक दर लिहून दिला पाहिजे, आणि सर्व कर्जांचे मिळून हप्ते घरच्या मासिक उत्पन्नाच्या निम्म्यावर जाता कामा नयेत. आमच्या भगिनींनी मराठी कागद मागावा; तो मिळेपर्यंत अंगठा नाही आणि सहीही नाही. भाषेचा हक्क हा केवळ पाटीवरच्या अक्षरांचा नव्हे, तो ह्या दहा हजारांच्या कागदावरही आहे. दुसरी गोष्ट सहकारी संस्थांची. त्यांनी आठवड्यातून एक दिवस वस्तीवर जावे, आणि पैशाबरोबर गिऱ्हाईकही न्यावे. खानापूरच्या कुंभाराला चाकासाठी पैसे द्यावयाचे तर त्याची मडकी कोण घेणार हे आधी ठरवावे. तिसरी गोष्ट शिकलेल्या तरुण-तरुणींची. गावागावांत संध्याकाळी बसून हप्त्याचा हिशेब बायकांना शिकवावा. त्याला ना सरकार लागते ना देणगी. खडू आणि फळा पुरे.

दुर्गाबाईंनी १९८१ साली देह ठेवला आणि चिंतामणरावांनी १९८२ साली, हैदराबादेत. एकाने देशाची तिजोरी सांभाळली, दुसरीने तिजोरीपर्यंत कधीच न पोहोचणाऱ्या बाईचा हात धरला. ह्या दोन कामांची सांगड घालणे आपल्या हाती आहे. येत्या हप्त्याच्या दिवशी आपल्या गल्लीत गटाची बैठक भरेल. तेथे एखादी बाई मान खाली घालून बसलेली दिसेल. तिच्याजवळ जाऊन, बाई, तुमचे कार्ड जरा दाखवता का, एवढे विचारणारा एक तरी माणूस प्रत्येक गल्लीत निघाला, तरी आजचे हे लिहिणे वाया गेले नाही असे आम्ही समजू.