कॅरिबियन बेटावर कोणाची संस्कृती जाणार?

‘सांस्कृतिक आदानप्रदान’ या गोंडस नावाखाली महाविद्यालये विद्यार्थ्यांचे गट परदेशी पाठवितात. अशाच एका गटाच्या त्रिनिदाद भेटीची कार्यक्रमपत्रिका आमच्या पाहण्यात आली. विद्यार्थी काय सादर करणार? गणेशवंदना, शास्त्रीय नृत्य, योगासने. तिथे काय पाहणार? समुद्रकिनारा, कार्निव्हलचे पोशाख आणि मंदिरातील भजनसंध्या. शेवटी एक ओळ : तिकिटाचा खर्च पालकांनी करावा. म्हणजे कोण जाणार, हे निवडीआधीच ठरले! शिष्यवृत्तीच्या हप्त्याची वाट पाहणारा, वसतिगृहात राहणारा आमचा विद्यार्थी या यादीत येणार कसा?

अशा भेटींना आमचा विरोध नाही. बाबासाहेब १९१३ साली सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात गेले आणि मिळविलेली विद्या त्यांनी समाजाच्या मुक्तीसाठी वापरली. तेव्हा प्रश्न परदेशी जाण्याचा नाही. तिथे काय पाहायचे आणि इथून काय न्यायचे, हा प्रश्न आहे.

त्रिनिदाद हे गुलामांच्या घामावर उभे राहिलेले बेट. आफ्रिकेतून पकडून आणलेली माणसे तिथे उसाच्या मळ्यांवर राबविली गेली. १ ऑगस्ट १८३४ रोजी इंग्रजी कायद्याने गुलामगिरी संपविली; पण ‘उमेदवारी’च्या नावाखाली सक्तीची मजुरी १८३८ पर्यंत चालूच राहिली. या कायद्याने आपल्या वसाहतींतील गुलामांच्या मालकांसाठी ब्रिटिश सरकारने २ कोटी पौंडांची भरपाई मंजूर केली. गुलामांना मात्र एक छदामही नाही! जुलूम करणाऱ्याला भरपाई आणि जुलूम सोसणाऱ्याला उपदेश, हा न्याय आम्हाला अनोळखी नाही. त्याच त्रिनिदादने १९८५ पासून १ ऑगस्ट हा मुक्तिदिन राष्ट्रीय सुट्टी म्हणून पाळायला सुरुवात केली. देशाचे पहिले पंतप्रधान एरिक विल्यम्स यांनी १९४४ साली ग्रंथ लिहून साखर, गुलामगिरी आणि इंग्रजी भांडवल यांचे नाते जगापुढे मांडले. ज्ञान हे शस्त्र कसे होते, याचा हा धडा आहे.

दुसरा धडा वाद्याचा. १८८० च्या दशकात इंग्रज सरकारने कृष्णवर्णीयांच्या ढोलांवर निर्बंध आणले. त्यांनी बांबू आपटून ताल धरला. पुढे तेलाच्या रिकाम्या पिंपांतून ‘स्टीलपॅन’ घडविले. ते वाजविणाऱ्यांना प्रतिष्ठितांनी गुंड ठरविले. पण १९९२ साली तेच राष्ट्रीय वाद्य झाले आणि २०२३ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाने ११ ऑगस्ट हा जागतिक स्टीलपॅन दिन जाहीर केला. ज्यांच्या हातात गावकीचे काम म्हणून हलगी दिली गेली आणि तीच हलगी वाजविली म्हणून ज्यांना हिणविले गेले, त्यांच्या मुलांनी हे ऐकायला नको काय?

तिसरा धडा जातीचा. गुलामगिरी संपल्यावर मळेवाल्यांना स्वस्त मजूर हवे होते. ३० मे १८४५ रोजी ‘फतेल रझाक’ जहाजातून सुमारे २२५ भारतीय करारमजूर तिथे उतरले. १९१७ पर्यंत असे सुमारे १ लाख ४४ हजार लोक नेले गेले. परवान्याशिवाय मळा सोडला तर तुरुंग! मात्र तीन-तीन महिने एकाच जहाजात कोंडलेल्या माणसांना शिवाशीव पाळणे जमेना. ते एकमेकांना ‘जहाजी भाई’ म्हणू लागले. जात पुरती मेली नाही; पौरोहित्य बराच काळ ब्राह्मणांकडेच राहिले. तरीही रोजच्या व्यवहारातील तिची पकड सैल झाली. जात ईश्वराने घडविली म्हणणाऱ्यांना एका जहाजाने दिलेले हे उत्तर आहे. ज्या व्यवस्थेतून ही माणसे सुटली, तिचेच गोडवे गायला आज आपले विद्यार्थी तिथे पाठवायचे?

बाबासाहेबांनी गुलामगिरी आणि अस्पृश्यता यांची तुलना करून अस्पृश्यता अधिक घातक का, हे सांगितले. १९४६ साली त्यांनी अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचे विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉईस यांना पत्र लिहिले. हे नाते पुढे नेण्याची जबाबदारी आमच्या तरुणांची आहे.

राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती पदव्युत्तर आणि पीएच.डी.साठी आहे, अशा छोट्या भेटी तिच्यात बसत नाहीत. म्हणून आमची मागणी स्पष्ट आहे. महाविद्यालयाच्या नावाने जाणाऱ्या प्रत्येक गटात मागासवर्गीय विद्यार्थ्यांना वाटा द्या आणि त्यांचा खर्च संस्थेने उचलावा. संविधानाचे कलम ४६ दुर्बल घटकांचे शैक्षणिक हित जपण्याची जबाबदारी राज्यावर टाकते. सरकारने संस्थांना तसे आदेश द्यावेत. कार्यक्रमात आंबेडकरी जलसा आणि बुद्धविचार यांना स्थान द्या. परतलेल्या विद्यार्थ्यांनी समुद्रकिनाऱ्यावरची छायाचित्रे दाखवून थांबू नये. बुद्धविहारात, वसतिगृहात बसून तिथला मुक्तीचा इतिहास सांगावा.

हे संस्थाचालक आपणहून करतील, अशा भ्रमात कोणी राहू नये. पुढच्या भेटीची सूचना फलकावर लागेल तेव्हा आपल्या विद्यार्थी संघटनांनी प्राचार्यांच्या दालनात जाऊन एकच प्रश्न विचारावा : यादीत आमची नावे कुठे आहेत?