गुण देऊन झाले, गणिताचा शिक्षक कधी देणार?

सरकारी शाळांना गुण द्यायला महाराष्ट्रात माणसांची वानवा नाही. वानवा आहे ती सहावी-सातवीला नीट गणित शिकवणाऱ्यांची. ‘मुख्यमंत्री माझी शाळा, सुंदर शाळा’ अभियानाचा दुसरा टप्पा २०२४ मध्ये झाला, तेव्हा शाळांची परीक्षा १५० गुणांची होती. पायाभूत सुविधांना ३३, शासनाच्या ध्येयधोरणांच्या अंमलबजावणीला ७४ आणि शैक्षणिक संपादणुकीला ४३. म्हणजे शाळा ज्यासाठी असते, त्याला एक तृतीयांशही वजन नाही. पाठोपाठ शाळा गुणवत्ता मूल्यांकनाचा नवा आराखडा आला. त्यात १२८ मानके आहेत. शाळेने प्रत्येक मानकापुढे स्वतःची पातळी ठरवायची, पुरावे जोडायचे आणि ऑनलाइन भरायचे. हे भरत बसतो कोण? मुख्याध्यापक आणि एखादा ‘संगणक येणारा’ शिक्षक. तेवढ्या वेळात त्याचा वर्ग शेजारच्या बाई सांभाळतात.

पिंपरी-चिंचवड महापालिकेने मात्र या बाबतीत एक पाऊल पुढे टाकले, हे मान्य करायला हवे. शेखर सिंह आयुक्त असताना महापालिकेने आपल्या शाळांचे मूल्यमापन भारतीय गुणवत्ता परिषदेकडून, म्हणजे बाहेरच्या संस्थेकडून करून घेतले. आपलीच वही आपणच तपासायची ही सरकारी सवय मोडायला धाडस लागते. शालेय साहित्यासाठी पालकांच्या मोबाइलवर ई-रुपीचे व्हाउचर पाठवण्याचा प्रयोगही याच महापालिकेने केला. एकेका मुलापर्यंत पैसा पोचवण्याची यंत्रणा ज्या शहराकडे आहे, त्याने एकेका शाळेची गरज ओळखून ती भागवणे अशक्य नाही.

अडते ते पुढच्या पायरीवर. चाकण किंवा भोसरीतल्या कोणत्याही छोट्या वर्कशॉपवाल्याला विचारा. मोठ्या कंपनीचे ऑडिट झाले की शेवटी त्याच्या हातात त्रुटींची यादी पडते. प्रत्येक त्रुटीपुढे तिचे मूळ कारण, ती कोण दुरुस्त करणार त्याचे नाव आणि तारीख लिहावी लागते. त्या तारखेला ऑडिटर पुन्हा दारात उभा असतो. शाळेच्या मूल्यमापनाच्या कागदावर श्रेणी येते. नाव आणि तारीख येत नाही. आणि बहुतेक त्रुटी शाळेच्या हातातल्या नसतातच. रिक्त पद मुख्याध्यापक भरू शकत नाही, वर्गखोली बांधू शकत नाही. ते ज्याच्या हातात आहे, त्याला कोणी श्रेणी देत नाही.

सहावी ते आठवी ही वर्षे तर सगळ्यांच्याच नजरेतून निसटतात. सुरुवातीच्या वर्गांसाठी निपुण भारत अभियान आहे, दहावीसाठी बोर्डाचा निकाल आहे. मधल्या तीन वर्षांत काय होते ते आकडे सांगतात. डिसेंबर २०२४ मध्ये झालेल्या ‘परख’ राष्ट्रीय सर्वेक्षणात सहावीच्या मुलांची गणिताची देशातली सरासरी ४६ टक्के निघाली. दहापर्यंतचे पाढे आणि चार मूलभूत क्रिया रोजच्या हिशेबात वापरता येणारी मुले ५३ टक्के. ‘असर’च्या २०२४ च्या अहवालानुसार ग्रामीण भारतात आठवीतल्या ४५.८ टक्के मुलांनाच साधा भागाकार जमतो. सातवीतले मूल फळ्यावर १/२ + १/३ = २/५ असे लिहिते, तेव्हा ते आळशी नसते. वरचे वरच्यात, खालचे खालच्यात मिळवायचे, असा त्याने स्वतःपुरता नियम बसवलेला असतो. तो नियम चौथीत कुठून शिरला हे ओळखून, कागदाची घडी घालून दाखवत तो मोडायला गणित समजणारा माणूस लागतो. लाल शाईने काट मारणे कोणालाही जमते. हेच मूल पुढे आयटीआयला जाते आणि तिथे व्हर्निअर कॅलिपर हातात आला की अडते. पिंपरी-चिंचवड ते चाकण या ज्या पट्ट्याचे पोटच मशिनिस्ट आणि फिटर यांच्यावर चालते, तिथे तरी अपूर्णांक हा सहावीच्या पुस्तकापुरता विषय राहू नये.

कायदा याबाबत स्पष्ट आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार सहावी ते आठवीसाठी विज्ञान-गणित, सामाजिक शास्त्रे आणि भाषा यांना किमान एकेक शिक्षक हवा आणि ३५ मुलांमागे एक शिक्षक हवा. विद्यार्थी शंभरावर गेले की पूर्णवेळ मुख्याध्यापकही हवा. त्यानंतर आला १५ मार्च २०२४ चा संच मान्यतेचा, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदे ठरवणारा शासन निर्णय. सहावी ते आठवीचा पट वीसच्या खाली गेला, तर त्या वर्गांना शिक्षकाचे पदच मंजूर नाही, असे त्याने ठरवले. खेड तालुक्यात याचा अर्थ काय होतो पाहा. एकाच तालुक्यात पूर्वेला चाकणच्या कंपन्यांभोवती दाटलेली वस्ती आणि पश्चिमेला भीमाशंकरच्या डोंगरातल्या वाड्या. एकीकडे बाक पुरत नाहीत, दुसरीकडे पट पुरत नाही. दोन्हीकडची मुले एकाच जिल्हा परिषदेची. वाडीतल्या सातवीच्या मुलीला शिक्षक हवा की नको, हे तिच्या वर्गात आणखी किती मुले आहेत यावरून ठरवणे हा हिशेब झाला, शिक्षण नव्हे.

औद्योगिक पट्ट्याची आणखी एक अडचण मूल्यमापनाच्या तक्त्यात मावत नाही. इथला पट स्थिर नसतो. मराठवाडा, विदर्भ, उत्तर प्रदेश, बिहारमधून आलेली कुटुंबे ठेकेदाराच्या कामाबरोबर मोशीतून चिखलीत, चिखलीतून चाकणला सरकतात. फेब्रुवारी २०२५ मध्ये कुदळवाडी-चिखलीत महापालिकेने भंगाराची गोदामे आणि अनधिकृत बांधकामे मोठ्या प्रमाणावर पाडली. कारवाई योग्य की अयोग्य हा वाद वेगळा. पण वार्षिक परीक्षेच्या तोंडावर तिथल्या कामगाराच्या मुलाने शाळा सोडली, तर त्याची गळती कोणाच्या खात्यावर मांडायची? आणि जानेवारीत दाखल झालेल्या, मराठी अक्षरे नुकती ओळखू लागलेल्या मुलाचे गुण शाळेच्या सरासरीत धरून ती शाळा ‘मागे’ कशी ठरवायची? कायदा वयानुरूप वर्गात प्रवेश द्या म्हणतो आणि मागे राहिलेल्यांना विशेष प्रशिक्षणही द्या म्हणतो. पहिला भाग शाळा पाळतात. दुसऱ्या भागासाठी माणूस नसतो. म्हणून शाळेची खरी परीक्षा एकच: मूल जूनमध्ये कुठे होते आणि एप्रिलमध्ये कुठे पोचले. हे प्रत्येक मुलाचे वेगळे मोजावे लागते. त्याला १२८ मानके लागत नाहीत.

यावर हमखास येणारे उत्तर म्हणजे जालिंदरनगर. खेड तालुक्यातल्याच या जिल्हा परिषद शाळेने ऑक्टोबर २०२५ मध्ये ‘वर्ल्ड्स बेस्ट स्कूल’ पुरस्कारांत लोकांच्या मतांवर दिला जाणारा पुरस्कार पटकावला. तीन विद्यार्थ्यांवर आलेली, बंद पडायच्या बेतात असलेली ही शाळा दत्तात्रय वारे गुरुजी आणि गावकऱ्यांनी सव्वाशेच्या घरात नेली. मोठ्या मुलांनी लहानांना शिकवायचे, लहानांनीही मोठ्यांना शिकवायचे ही तिथली ‘विषयमित्र’ पद्धत कोणत्याही शाळेने उचलावी अशी आहे. त्याआधी २०२२ मध्ये याच पुरस्कारांच्या पहिल्या दहांत पिंपरी-चिंचवड महापालिकेची बोपखेलची इंग्रजी माध्यमाची शाळा होती. ती आकांक्षा फाउंडेशन चालवते. सरकारी शाळा उत्तम चालू शकते याचा याहून ठळक पुरावा नको. पण दोन्ही उदाहरणांत काहीतरी ‘जास्तीचे’ आहे. एकीकडे झपाटलेला शिक्षक, दुसरीकडे बाहेरची संस्था. महापालिकेच्या आणि जिल्हा परिषदेच्या बाकी शाळांनी अशा योगायोगाची वाट पाहत बसायचे का?

तशी गरज नाही, कारण सुधारणेचा मार्ग कायद्यातच लिहिलेला आहे. प्रत्येक सरकारी शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असते. तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या सदस्य महिला असाव्या लागतात. या समितीने तीन वर्षांचा शाळा विकास आराखडा करायचा आणि सरकारने त्याच आधारावर निधी द्यायचा, असे कायद्याचे कलम २२ आणि त्याखालचे नियम सांगतात. आराखड्यात पुढच्या तीन वर्षांचा वर्गवार पट, लागणारे विषय शिक्षक, खोल्या आणि खर्च हे सगळे येणे अपेक्षित आहे. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी सभा सकाळी ११ ला ठेवली जाते. बाप पहिल्या पाळीला गेलेला असतो, आई धुण्याभांड्याच्या कामावर. सभेला यायचे तर खाडा पडणार, आणि ठेकेदाराकडे खाड्याचे पैसे कापले जातात. मग इतिवृत्त आधी लिहून होते आणि वही सहीसाठी घरोघर फिरते. ही समिती रविवारी किंवा संध्याकाळी सातला बसवा, एवढी साधी सुधारणा कोणत्याही मूल्यमापन अहवालात सापडत नाही.

कंपन्यांबद्दलही बोलले पाहिजे. सामाजिक उत्तरदायित्वाच्या निधीतून या पट्ट्यातल्या शाळांना रंगरंगोटी, बोलक्या भिंती, पाण्याच्या टाक्या, डिजिटल फळे मिळतात. फीत कापली जाते, फोटो निघतो. त्यात वाईट काही नाही. पण तोच पैसा शाळेच्या आराखड्यात लिहिलेल्या गरजेला बांधला, तर एखाद्या शाळेत विज्ञानाची चालती प्रयोगशाळा उभी राहील, दुसऱ्या शाळेत नव्याने आलेल्या हिंदीभाषक मुलांसाठी वर्षभर मराठीचा तास चालेल. नियमित शिक्षकाचे पद भरणे मात्र सरकारचेच काम आहे. ते दानातून भागवता येणार नाही, भागवूही नये.

महापालिकेने आणि जिल्हा परिषदेने एवढे तरी करावे. सहावी ते आठवीचे वर्ग असलेल्या प्रत्येक शाळेतले मंजूर, भरलेले आणि रिक्त असे विषय शिक्षकांचे आकडे शाळेच्या दर्शनी फलकावर लावावेत. रिक्त पदापुढे ते भरण्याची तारीख आणि जबाबदार अधिकाऱ्याचे पदनाम लिहावे. आणि ज्यांची मुले या शाळांत शिकतात त्या पालकांनी जूनच्या पहिल्या सभेत मुख्याध्यापकांकडे शाळा विकास आराखडा मागावा, आपल्या मुलाच्या वर्गाला गणित कोण शिकवणार हे त्यात वाचून घ्यावे, आणि ती जागा कोरी असेल तर आराखड्याची प्रत घेऊन थेट नगरसेवकाचे किंवा जिल्हा परिषद सदस्याचे दार ठोठावावे.