राजीनामा का द्यायचा?

परवा रात्रपाळी संपवून भाची थेट माझ्याकडे आली. एका खासगी रुग्णालयात ७ वर्षं परिचारिका आहे. एका रुग्णाचं इंजेक्शन दीड तास उशिरा दिलं गेलं. (वॉर्डात ३० रुग्ण आणि या दोघीच, पण ते कोण विचारतं?) रुग्ण ठणठणीत घरी गेला. तरी मेट्रन म्हणाल्या, "राजीनामा दे, नाहीतर काढून टाकतील."

घरातले सगळे म्हणताहेत, अब्रूनं बाहेर पड. मला हे मुळीच पटत नाही!

राजीनाम्यात लिहायचं काय, तर 'वैयक्तिक कारणास्तव, स्वेच्छेने'. जन्मभर मराठी शिकवलं, पण स्वेच्छेचा हा अर्थ मला नवीनच. एकदा तसं लिहून दिलं की उद्या 'मला अन्यायानं काढलं' म्हणायला तोंड राहत नाही. काढायचंच असेल तर त्यांनी आरोप लेखी द्यावा, चौकशी करावी, तिचं ऐकून घ्यावं. चौकशीत ३० रुग्णांचा विषय निघणारच, आणि नेमका तोच त्यांना नकोय.

ग्रॅच्युइटी बुडेल म्हणाल, तर ५ वर्षं कधीच भरलीत. काही नुकसान झालेलं नसताना अशा उशिरापायी ती अडवता येत नाही. महाराष्ट्र परिचर्या परिषदेतली नोंदणीही मेट्रनबाईंच्या हातात नाही. पुढच्या नोकरीत प्रश्न विचारतील, हे मात्र खरं. दुसरी नोकरी हातात असती तर मीही म्हटलं असतं, दे फेकून!

असो. 'जे सांगायचं ते लेखी कळवावे' असा अर्ज काल तिनं दिला. ऱ्हस्वदीर्घ मी तपासलं. ताई, तू हे वाचशील तेव्हा रागावशील, पण मुलीला आधी जेवू घाल.